एकवीस शिखरं आणि वैशाखातल्या शाली

एका जंगलात, मुलांनो, डोंगर जास्त होते आणि पाणी कमी होतं.

ते जंगल ताटासारखं होतं. ताटाच्या कडेने एकवीस शिखरं उभी आणि मधोमध, आपण भाताची मूद ठेवतो तिथे, एक तळं. बाकी सगळं कोरडं. मागून कोणी विचारतंय, नदी नव्हती का? नव्हती. गोष्ट मी सांगतोय. नदी असती तर मी सांगितली असती.

तळ्यावर रानडुकरांचा पहारा होता. त्यांच्या प्रमुखाचं नाव आबासाहेब. आबासाहेब म्हणत, मी तळ्याचा मालक नाही, सेवक आहे. हे ते तळ्यात लोळता लोळता म्हणत.

या जंगलात पूर्वी एक म्हातारा वाघ राज्य करायचा. मरताना त्याने एक नियम घालून दिला होता. जो कोणी एकवीस शिखरं एका साखळीत जोडेल त्याच्या कळपाने वर्षभर तळ्यावर पहिलं पाणी प्यायचं. साखळीत जोडायची म्हणजे एका शिखरावरून उतरायचं ते खिंडीतून थेट दुसऱ्यावर चढायचं. मध्ये खाली जंगलात पाय टेकला की साखळी तुटली. आणि तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत एकविसाव्या शिखरावर पोचायचं.

असा कोणी निघेपर्यंत तळ्याची तात्पुरती व्यवस्था रानडुकरांकडे. या तात्पुरत्या व्यवस्थेला आता अकरा वर्षं झाली होती.

डुकरं आधी पाणी पीत, मग त्यातच लोळत. मग सांबरं यायची, मग वानरं, मग बाकीचे. भेकरांची पाळी सगळ्यात शेवटी. भेकर म्हणजे काय ते माहीत आहे ना? कुत्र्याहून जरासं मोठं, तांबूस रंगाचं, लाजाळू हरिण. भीती वाटली की भुंकतं. त्यांची पाळी येईपर्यंत तळ्यात जे उरायचं त्याला पाणी म्हणायला जीभ वळत नसे.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. हौसा नावाच्या भेकराला नुकतंच पाडस झालं होतं. आठ दिवसांत तिचं दूध आटलं. पाडस तिच्या पोटाला ढुशा मारायचं, काही मिळालं नाही की तिच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. त्याच्या पायांतलं बळ रोज थोडं थोडं कमी होत होतं.

"आई, मी शिखरं करते," हौसा एक दिवस आईला म्हणाली.

"काय डोस्कं फिरलंय का तुजं?" आई म्हणाली. "त्यो सांबर गेला, अकराव्यावर आडवा झाला. त्यो चौशिंगा गेला, चौदाव्यावर झोपला. तुजे पाय बघ. काडीवानी हायेत."

"काडी तर काडी. पोरासाठी दूध नगं का?"

 आईने पाडसाला आपल्या कुशीत घेतलं आणि म्हणाली, "जा. पन उन्हाचं जपून."

आता तुम्ही विचाराल, अकरा वर्षांत एकालाही का जमलं नाही? हाच प्रश्न जंगलालाही पडला होता. त्यांनी एक अभ्यासगट नेमला होता. अभ्यासगटाने दोन वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की स्पर्धकांचा सराव कमी पडतो. सगळ्यांना तो पटला.

हौसा साळिंदर काटदऱ्यांकडे गेली. काटदरे जंगलाचे चिटणीस. लिहायची हौस दांडगी, आणि लेखण्या अंगावरच उगवलेल्या. त्यांनी अर्ज भरून घेतला.

"प्रत्येक शिखरावर शिखर समिती आहे," काटदऱ्यांनी समजावलं. "पोचलात की समितीचे अध्यक्ष तुमच्या पाठीवर करवंदाच्या रसाचा ठिपका देतील. तो शिक्का. एकवीस ठिपके झाले की तळं तुमचं."

"डोंगरावर पानी हाय का कुटं?"

"पाणी नाही," काटदरे म्हणाले. "समित्या आहेत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच हौसा निघाली. भेकर चढाला हलकं असतं. पहिलं शिखर तिने इतक्या झपाट्याने केलं की तिचं तिलाच नवल वाटलं. असंच चाललं तर दीड दिवसात घरी, असा तिने हिशोब केला. माथ्यावर पाऊल टाकलं आणि बघते तर काय, मांडव.

मांडवात खुर्ची. खुर्चीमागे फलक. समोर पंचवीस-तीस ससे, घोरपडी आणि मोर मांडी घालून बसलेले. आणि खुर्चीशेजारी एक वानर, शेपटीचा झुपका छातीशी धरून उभं. हे शेपटे गुरुजी. जंगलातला कुठलाही कार्यक्रम यांच्या निवेदनाशिवाय होत नसे.

"ज्या क्षणाची आपण आतुरतेने वाट पाहत होतो," गुरुजी सुरू झाले, "तो क्षण आज, या ठिकाणी, आपल्या सर्वांच्या साक्षीने..."

"गुरुजी, ठिपका देताय का?" हौसा धापा टाकत म्हणाली. "अजून ईस हायेत."

"ताई, आधी सत्कार."

तिला खुर्चीत बसवलं. पळसाची पानं वेलीने टाचून केलेली जाडजूड शाल तिच्या अंगावर घातली. वैशाखातलं ऊन, आणि वर शाल. मग हातात, म्हणजे पुढच्या पायांत, श्रीफळ दिलं. कोकणातून आणलेला खरा नारळ होता.

हौसाने तो कानाशी हलवून पाहिला. आत पाणी डुचमळत होतं. तिच्या घशाला कोरड पडलेली.

"फोडा की," ती म्हणाली.

मांडवात सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला.

"सत्काराचा नारळ फोडायचा नसतो, ताई," गुरुजी कानाशी येऊन म्हणाले. "घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचा."

"आमच्यात देव्हारा न्हाई."

"मग कोणाच्या तरी सत्काराला उपयोगी पडेल. तोही कोणाच्या तरी सत्काराचाच आहे."

मग दोन भाषणं झाली, मग आभार झाले आणि मग पाठीवर ठिपका मिळाला. चढायला जितका वेळ लागला होता तितकाच वेळ खुर्चीत गेला.

दुसऱ्या शिखरावर तेच. तिसऱ्यावर हौसाने धीर करून सांगितलं, "शाल नगं मला. निस्ता ठिपका द्या."

तिसऱ्या शिखराची अध्यक्ष एक घोरपड होती. तिने शालीची घडी छातीशी धरली.

"पहिल्यावर घेतलीत. दुसऱ्यावर घेतलीत. आमचंच शिखर तेवढं वाईट?" ती म्हणाली. "उंची जरा कमी आहे, म्हणून का?"

"तसं न्हाई हो."

"मग बसा."

हौसा बसली. ठिपक्याचं भांडं घोरपडीकडे होतं. शिवाय समोरचा माणूस प्रेमाने काही देतोय आणि आपण नको म्हणतोय, हे तिला बरं वाटेना. ती चांगल्या घरातली होती. मुलांनो, चांगल्या घरात जन्मल्याने जन्मभर किती वेळ वाया जातो याचा कोणी तरी अभ्यास करायला हवा.

एका शिखरावर शाल दिली ही बातमी दुसऱ्या शिखराला लागायचीच. चौथ्या शिखराने शालीबरोबर स्मृतिचिन्ह दिलं. डोंगरावर दुसरं काय मिळणार, दगडच होता, पण चांगला घडवलेला होता. पाचव्याने फेटा बांधला. सहाव्याने पाचव्याहून मोठा फेटा बांधला. सातव्यावर पाच लांडोरींनी ओवाळलं. आठव्याकडे स्वतःचं स्वागतगीत होतं, सोळा कडव्यांचं, आणि गाणारे टिटव्यांचे दोन गट कडवी वाटून घ्यायला तयार नव्हते, म्हणून प्रत्येक कडवं दोनदा झालं.

दिलेली वस्तू वाटेत टाकायची नाही, हा तिथला रिवाज होता. टाकलेली शाल दुसऱ्या कोणाला सापडली तर त्या शिखराचं नाक कापलं जायचं. तेव्हा शाली पाठीवर बांधल्या, नारळ वेलीत ओवून गळ्यात घातले आणि ते सगळं घेऊन हौसा चढत राहिली.

आता जरा चढाचंही सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल ही नुसती खुर्च्यांचीच गोष्ट आहे.

नवव्या शिखरापासून पुढे कातळ होता. दुपारी तो असा तापे की खूर टेकला की चटका बसायचा. दोन शिखरांमधली धार कुठे कुठे इतकी अरुंद की एका बाजूचं झुडूप उजव्या कानाला लागायचं आणि डाव्या कानाखाली एकदम दरी. उतारावर मुरूम. पाय ठेवला की सगळा डोंगर खाली निघालाय असं वाटायचं. हौसा तीनदा घसरली. एकदा गळ्यातला नारळ करवंदीच्या जाळीत अडकला म्हणून ती वाचली, हे मान्य केलं पाहिजे. पहाटे गवतावरचं दव चाटायचं, करवंदं खायची, आंबट पाला चघळायचा, एवढंच तिचं पाणी. दुसऱ्या दिवशी मागच्या पायात गोळा आला. ती दगडाला टेकून उभी राहिली, पाय झाडला आणि पुन्हा निघाली. प्रत्येक खिंडीत तिला पोटाला बसणाऱ्या ढुशा जाणवायच्या. पाडस तिथे नव्हतं, तरी जाणवायच्या.

हा भार आणि ही भाषणं नव्हती तोवर ती चालत होती. आता वेळ भरून काढायला ती धावू लागली.

शेपटे गुरुजींना साखळीचा नियम नव्हता. ते खालून झाडाझाडांवरून जात, वाटेत तळ्यावर घोटभर पाणी पीत आणि पुढच्या शिखरावर ताजेतवाने भेटत. त्यांचं परिचयाचं भाषण मात्र दर शिखराला लांबत चाललं होतं. त्याचं कारण तसं सरळ होतं. सत्कारमूर्तींचा परिचय म्हणजे त्यांना पूर्वी मिळालेले मानसन्मान. दहाव्या शिखरावर त्यांना मागचे नऊ सत्कार सांगावे लागले. पंधराव्यावर चौदा. अठराव्यावर गुरुजींनी सतरा सत्कारांची यादी शालींच्या रंगांसकट वाचली आणि तोवर हौसाची खुर्चीतच डुलकी झाली. तेवढीच तिची तीन दिवसांतली झोप.

पण ती अठरावं उतरली. पाठीवर अठरा ठिपके. भेकराच्या अंगावर मुळात ठिपके नसतात. त्यामुळे ती आता चितळासारखी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी ती एकोणिसाव्या शिखरावर पोचली. त्याचं नाव सपाटमाथा. नावाप्रमाणे वर ऐसपैस मैदान. आणि त्या मैदानावर सगळं जंगल जमलं होतं.

अकरा वर्षांत सपाटमाथ्यापर्यंत कोणी आलं नव्हतं. जंगलाला आनंद आवरेना. एकवीसच्या एकवीस समित्यांनी मिळून महासत्कार ठरवला होता. विसाव्या आणि एकविसाव्या शिखराच्या समित्याही आपापले मांडव बंद करून इथेच आल्या होत्या. पहिल्या रांगेत आबासाहेब आणि त्यांचं सगळं कुटुंब. तळ्यावर पहारा करणारी डुकरंही अंघोळ करून आली होती, कारण अध्यक्षीय भाषणाला घरचीच माणसं नसली तर बरं दिसत नाही.

आबासाहेबांच्या मनात काही काळंबेरं होतं का? मुळीच नाही, मुलांनो. उगाच कोणावर संशय घेऊ नये. त्यांना फक्त भाषण करायचं होतं.

हौसाने सूर्याकडे पाहिलं. अजून दोन शिखरं. प्रत्येकी दीड तास. वेळ होता, पण तो खुर्चीत गेला नाही तरच.

तिने काटदऱ्यांना गाठलं. "ठिपका आधी देताय का?"

"शिक्का आभारप्रदर्शनानंतर," काटदरे म्हणाले. "तसा ठराव आहे."

"बोलणारं किती हायेत?"

"नऊ. आबासाहेब शेवटी."

"आन् तोवर दिस मावळला तर?"

काटदऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले. "त्याबद्दल ठराव नाही," ते म्हणाले.

हौसाला खुर्चीत बसवलं आणि शाली सुरू झाल्या. एकवीस समित्यांच्या एकवीस, महिला मंडळाची एक, ज्येष्ठ वानर संघाची एक, आबासाहेबांच्या तिन्ही मुलांच्या तीन. मागच्या अठरा होत्याच. शालींवर शाली चढत गेल्या. खूर दिसेनासे झाले, मग मान, मग कान. शेवटचा फेटा तर अंदाजानेच बांधला. आतून हौसाला बाहेरचं काही दिसेना, फक्त ऐकू येत होतं. पहिले वक्ते म्हणाले, मी फार वेळ घेणार नाही.

मुलांनो, इथे मी गंमत करणार नाही. त्या शालींच्या ढिगाखाली ती रडली. अठरा डोंगर ती रडली नव्हती. घसरली तेव्हा नाही, गोळा आला तेव्हा नाही. आता तिला रडू आलं, कारण बाहेर सगळे तिचंच कौतुक करत होते आणि त्यांतल्या एकालाही तिच्या पाडसाचा पत्ता नव्हता.

तिसरे वक्ते उभे राहिले तेव्हा सूर्य बराच कलला होता. तिला शालींच्या फटीतून तेवढं तिरपं ऊन दिसलं.

मग तिने एक काम केलं. गळ्यातले नारळ तिने एकेक करून खुर्चीवर रचले. खाली मोठे, वर लहान. सगळ्यात वरच्या नारळावर फेटा अलगद टेकवला. दगडाची स्मृतिचिन्हं बाजूंनी लावली. शाली जशा होत्या तशा उभ्या राहिल्या. आणि ती खुर्चीच्या मागून कारवीच्या झुडपांत उतरली.

कोणालाही कळलं नाही. खुर्चीतलं सगळं होतं तसंच होतं. उलट सत्कारमूर्तींची चुळबुळ थांबली म्हणून सभेला बरं वाटलं.

अंगावर काही नाही, गळ्यात काही नाही. हौसा तीन दिवसांत पहिल्यांदा भेकरासारखी धावली. विसाव्या शिखरावर रिकामा मांडव होता. एक फलक वाऱ्यावर फडफडत होता, सुस्वागतम्. ती थांबली नाही. एकविसाव्याचा शेवटचा कडा उभा होता. तिथे तिचे गुडघे फुटले, पुढचा खूर फुटला, पण ती चढत राहिली. माथ्यावर आली तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता.

वर कोणीच नव्हतं. वारा होता, आणि ती होती. एकवीस शिखरं, एका साखळीत, वेळेच्या आत. जंगलाच्या आठवणीत पहिल्यांदा. तिला इतका आनंद झाला की ती मान वर करून भुंकली. सगळ्या दऱ्या दुमदुमल्या.

भुंकणं सपाटमाथ्यापर्यंत गेलं. तिथे सातवे वक्ते बोलत होते.

"कोण ते?" शेपटे गुरुजी चिडून म्हणाले. "सत्कार चालू असताना भुंकतात! काही संस्कार?"

सगळ्यांनी त्या दिशेला बघून शू केलं.

पुढे अध्यक्षीय भाषण झालं. मग सत्कारमूर्तींना चार शब्द बोलण्याची विनंती करण्यात आली. खुर्चीतून शब्द आला नाही. सभा वाट पाहत राहिली.

"भावना अनावर झाल्या आहेत," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले.

अनेकांनी डोळे पुसले. आबासाहेबांनीही पुसले. सत्कारमूर्तींचं इतकं चांगलं भाषण आपण आजवर ऐकलं नव्हतं, असं पुढे कित्येक जण म्हणत.

हौसा एकविसावं शिखर उतरून पायथ्याशी आली तेव्हा समोरून मिरवणूक येत होती. ताशे, लेझीम, मोरांचा नाच. चार सांबरांच्या खांद्यावर ती खुर्ची.

हौसा लंगडत वाटेच्या मधोमध उभी राहिली. "थांबा," ती म्हणाली. "माजी समदी झाली. एकवीस."

"बाजूला हो बाई," एक डुक्कर म्हणालं. "हौसाताईंची मिरवणूक आहे."

"मीच हौसा!"

मिरवणूक थांबली. गुरुजींनी खुर्चीतल्या शालीचं एक टोक उचललं. आत नारळ होते.  ताशेवाल्याने उगाच एक टोला दिला आणि मग तोही थांबला.

सगळे काटदऱ्यांकडे बघू लागले. काटदऱ्यांनी घसा साफ केला आणि इतिवृत्त उघडलं.

"दुपारपासून सूर्यास्तापर्यंत," त्यांनी वाचलं, "सत्कारमूर्ती सपाटमाथा येथे खुर्चीत उपस्थित होत्या. ठराव एकमताने मंजूर. म्हणजे ताई, तुम्ही त्या वेळी एकविसाव्या शिखरावर असणं शक्य नाही."

"पन मी व्हते तितं. भुंकलं त्ये मीच!"

"भुंकण्याचीही नोंद आहे. कार्यक्रमात व्यत्यय, अज्ञात इसमाकडून." काटदरे खरोखर हळहळले. "हे बघा, वैयक्तिक मला पटतंय. तुमचा फुटका खूर मला दिसतोय. पण ठिपके अठराच आहेत. आणि इतिवृत्त एकदा मंजूर झालं की त्यात मलाही हात घालता येत नाही."

आबासाहेब पुढे आले. त्यांनी तिच्या पाठीवर, बरोबर ठिपक्यांवर, हात ठेवला. "पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणाले. "सराव वाढवा."

हौसाने झटक्यात पाठ त्यांच्या हाताखालून काढून घेतली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. ती त्या गर्दीतून वाट काढत तळ्याकडे निघाली. पाणी मिळणार नव्हतंच, पण पाडसाकडे जायची वाट तिकडूनच होती. घरी जाऊन त्याला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

तळ्यापाशी आली आणि ती जागीच थबकली.

सगळा भेकरांचा कळप काठावर पसरला होता. काही बसली होती, काही आडवी झाली होती. सगळ्यांची तोंडं ओली. पोटं टम्म. पाडस गुडघाभर पाण्यात उभं राहून नाकाने फुरफुर करत होतं, पीत होतं, पुन्हा फुरफुर करत होतं.

"ही डुकरं कुटं गेली?" हौसाने विचारलं.

"दुपारधरनं कुनीच न्हाई," आई म्हणाली. "समदी तुज्या सत्काराला गेली. आमी वाईच भीत भीत आलो. मंग म्हनलं, कुनी येत न्हाई तर प्या पोटभर." तिने लेकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाय, गुडघे, खूर. "किती झाली गं?"

"एकवीस."

"बरं," आई म्हणाली. "आधी पानी पी."

हौसाने मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागली. ती किती वेळ पीत होती ते कोणी मोजलं नाही. पाणी स्वच्छ होतं. तळ दिसत होता. तिला आठवत होतं तेव्हापासून तिने तळ्याचा तळ कधी पाहिला नव्हता.

अंधार पडता पडता डुकरं परत आली आणि कळप झुडपांत पांगला. सकाळी हौसाला थोडं दूध आलं. पाडस पिऊन झोपलं. हौसाने त्याला चाटून साफ केलं. मग उठली, आणि लंगडत लंगडत तळ्यावर आबासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"तक्रार घेऊन आलीस का?" आबासाहेबांनी विचारलं.

"न्हाई आबासाहेब. एक मनात सलतंय त्ये बोलाया आले. अकरा वर्सं तुमी हे तळं सांभाळलं. ऊन बघितलं न्हाई, पाऊस बघितला न्हाई. आन् तुमचा सत्कार? तुमचा कुनी केला का कदी?"

आबासाहेब लोळायचे थांबले. पाण्यात उठून बसले. हा विचार त्यांच्या मनात अकरा वर्षं होता, पण तो दुसऱ्याने बोलून दाखवायचा असतो.

"मी काय," ते म्हणाले. "साधा सेवक."

"मंग सेवकाचा करू."

"एखाद्या शिखरावर छोटेखानी..."

"एका शिखरावर कसं चालंल? बाकीची ईस रुसतील न्हव का? रोज एक. एकवीस दिवस. आन् घरचं समदं हवंच संगं. मानसं नसली तर शोभंल का?"

आबासाहेबांचे डोळे पाणावले. मुलांनो, पाण्यात बसलेल्याचे डोळे पाणावले तर ओळखणं कठीण असतं. पण हौसाने ओळखलं.

दुसऱ्याच दिवसापासून सुरू झालं. रोज सकाळी आबासाहेब, त्यांचं कुटुंब आणि तळ्यावरचे सगळे पहारेकरी एकेका शिखराकडे निघत. शेपटे गुरुजी सोबत असतच. संयोजक म्हणून हौसा पायथ्यापर्यंत पोचवायला जाई, हात जोडून निरोप देई आणि मग तळ्यावर येई. दिवसभर भेकरं पाणी पीत. नुसती भेकरंच नाही, ससे, साळुंक्या, ज्यांना सत्काराचं आमंत्रण नव्हतं ते सगळे.

परिचयाचं भाषण रोज लांबत गेलं. बाराव्या दिवसानंतर मंडळी संध्याकाळी परत येईनाशी झाली, शिखरावरच मुक्काम करू लागली. एकविसाव्या दिवशी आबासाहेबांना चौदा जणांनी उचलून शेवटच्या माथ्यावर नेलं. शालींमुळे त्यांना स्वतःला चढवेना. वर त्यांना एकविसावा ठिपका देण्यात आला आणि काटदऱ्यांनी इतिवृत्तात लिहिलं की एकवीस शिखरांची साखळी पूर्ण करणारे हे जंगलातले पहिले प्राणी. तीन दिवसांची अट कोणाला तरी आठवली, पण अशा प्रसंगी ती बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं.

साखळी पूर्ण केलेल्यांत हौसाचं नाव दप्तरात कुठेही नाही. मी स्वतः शोधलं. एकोणिसाव्या शिखराच्या पानावर एक अज्ञात इसम आहे, तेवढंच.

ते पाडस मात्र जगलं. आता त्याला शिंगं फुटली आहेत आणि ते आईला उलट बोलतं. हौसा त्यालाही काही बोलत नाही. ती हल्ली मन लावून पुढच्या सत्काराच्या पत्रिका लिहीत असते.

तात्पर्य: मुलांनो, कष्ट करा, जिद्द धरा, शिखर नक्की मिळेल. तिथे पाणी नसतं. पाणी हवं असेल तर ज्याच्या ताब्यात ते आहे त्याला शिखरावर बसवा, अंगावर शाल घाला, आणि भाषणं संपू देऊ नका.